पाय कोणी उचलला?

सागाच्या एका दाट जंगलात एक अस्वल राहत असे. अंगाने थोराड, मनाने भोळे, आणि सतत कसल्या ना कसल्या कोड्यात पडलेले. थंडीच्या दिवसांत एकदा ते बोरे शोधत चालले असता त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पण मुलांनो, नवल असे की पाय आधी वर उचलला गेला आणि ठणका मग लागला! अस्वल तीन पायांवर उभे राहून विचार करू लागले. ‘मला तर अजून काही कळलेही नव्हते. मग माझा पाय उचलला कोणी?’ इकडे तिकडे पाहिले, तर आसपास चिटपाखरू नव्हते.

लंगडत लंगडत ते म्हाताऱ्या साळूकडे, म्हणजे काटेरी साळिंदराकडे, गेले. साळूचे सारे आयुष्य काट्यांत गेलेले. ती म्हणाली, “अरे, तुझ्या कातडीखाली बारीक बारीक तंतू पसरलेत. काटा रुतला की ते पाठीच्या कण्याकडे वर्दी देतात. कणा डोक्याला विचारत बसत नाही, पाय उचलायला लावून मोकळा होतो. वर्दी डोक्यात पोचते तेव्हा कुठे तू ‘आई गं’ म्हणतोस.”

अस्वलाने डोके खाजवले. “म्हणजे मावशी, दुखतंय कुठे? पायात की डोक्यात?”

“जखम पायात. दुखल्याचं कळतं डोक्यात. आण तो पाय इकडे, काटा काढते.”

काटा काढायचा म्हणजे आणखी दुखणार! अस्वल घाबरून मागे सरले. त्याच्या गोंधळलेल्या डोक्यात एवढेच शिरले होते की वर्दी पोचली नाही तर दुखणार नाही. ते तडक ओढ्यावर गेले आणि बर्फासारख्या गार पाण्यात पाय बुडवून बसले. हळूहळू पाय बधिर झाला, ठणका थांबला. “गेलं! दुखणं गेलं!” असे ओरडत ते ओढ्याकाठच्या धारदार खडकांवर थयथया नाचू लागले. काटा मात्र जिथल्या तिथेच होता.

नाचता नाचता त्याला खडकावर रक्ताचे डाग दिसले. पुढच्या दगडावरही होते, त्याच्या पुढच्यावरही. ओरडा ऐकून साळू तिथे आली, तेव्हा अस्वल कळवळून म्हणाले, “मावशी, कुणीतरी बिचाऱ्यानं फार लागून घेतलंय बघ. कुठे गेलं असेल गं?”

“अरे वेड्या, खाली बघ! तुझाच पाय फाटलाय!”

अस्वलाने पाहिले. तळवा उभा चिरला होता आणि त्यातून रक्ताची धार लागली होती. पाय तर आपलाच, मग आपल्याला कसे कळले नाही? ते मटकन खाली बसले. साळूने पाला दाबून रक्त थांबवले आणि दातांनी काटा उपटला. ऊन लागून पायात ऊब आली, तशी आधी झिणझिण आणि मग अशी कळ उठली की अस्वलाने सारे रान दणाणून सोडले.

“दुखतंय, मावशी, फार दुखतंय!” ते रडत म्हणाले. मग पायाकडे बघत, “पण पाय परत माझा झाल्यासारखा वाटतोय. हे कसं?”

“ते मलाही सांगता यायचं नाही,” साळू म्हणाली. “तू पाय टेकू नकोस म्हणजे झालं.”

पाय टेकवतच नव्हता. अस्वलाने जरा उठायचा प्रयत्न केला की पायातून कळ यायची आणि ते निमूटपणे पुन्हा बसायचे. असे बसून बसूनच जखम भरून आली. बोरांचा हंगाम तेवढा हुकला.

तात्पर्य : वेदना ही शरीराने आपल्याला मारलेली हाक असते, तिचे तोंड बंद करण्याआधी ती काय सांगते आहे ते ऐकावे.