भोकांची ओवरी

धोंडेवाडीच्या टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे, आणि देवळाशेजारच्या ओवरीच्या भिंतीत एक वीट आहे, एक नाही. गवंड्याला नावं ठेवू नका, पाहुणे. ती भोकं एका सुनेनं पाडली, असं सांगतात.

फार वर्षांपूर्वी वाडीत गेनबा नावाचा म्हातारा होता. कांद्यावर त्याचा भारी जीव. भाकरीशी कांदा नसला तर ताटावरून उठायचा म्हणे. चातुर्मासात कांदा सोडायचा आणि चंपाषष्ठीला देवाला वाहून मग खायचा, हे तर सगळेच करतात. पण एका वर्षी गेनबाला चेव आला आणि तो देवापुढे बोलून बसला, "माझ्या वावरातला, मी टिकवलेला कांदा चंपाषष्ठीला तुला वाहीन. तोवर कांदा तोंडात घालणार नाही!"

बोलायला काय जातं! देवाचा कांदा म्हणून त्यानं तो विहिरीवर खसाखसा धुतला, अंधाऱ्या खोलीत रचला, वर दोन गोधड्या घातल्या नि दार शेणामातीनं लिंपून टाकलं. श्रावणात असा वास सुटला की शेजाऱ्यांनी म्हशी दुसरीकडे बांधल्या. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी गोधड्या चार. तीन वर्षं कांद्यावाचून काढून म्हातारा पार कावून गेला. कुणाच्या चुलीवर कांद्याची फोडणी बसली की हा त्या दारापुढे उगाच खोकत उभा राहायचा.

सून गोदूबाई म्हणायची, "मामंजी, धुऊ नका हो. वारा लागू द्या त्याला."

"देवाला मातीचा कांदा वाहू? गप बस."

चौथ्या वर्षी गेनबानं कांदा थेट देवाच्या ओवरीत ठेवायचं ठरवलं. धुऊन ठेव, दार लिंपून घे, असं सुनेला बजावून तो लेकीच्या गावी गेला. गोदूबाईनं कांदा पातीसकट सावलीत सुकवला, माना कापल्या, नासका आणि जोडकांदा वेगळा काढला, उरलेला तुराट्यांवर पातळ पसरला. मग पहार घेऊन भिंतीतली एकाआड एक वीट काढली.

गेनबा परतला आणि त्यानं बोंबच ठोकली. "देवाच्या घराला भोकं! माझा नवस बुडवला हिनं!" सहा महिने तो सुनेशी बोलला नाही. वळचण मोठी, त्यामुळे पाऊस आत येत नव्हता. तरी हा पावसाळाभर रोज टेकडी चढायचा, भोकात नाक घालून हुंगायचा, आणि वास येत नाही म्हणून आणखीच चिडायचा.

चंपाषष्ठी उजाडली. कांदा खडखडीत! भरीत-रोडग्यांबरोबर देवाला वाहिला. गेनबानं अधाशासारखा हात पुढे केला, तर गोदूबाईनं त्याच्या वाट्याचा कांदा पदराआड धरला. "आधी कबूल करा, मामंजी."

सगळी वाडी बघत होती. म्हाताऱ्यानं देवाकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "सूनबाई, तुझं खरं." आणि बुक्कीनं फोडलेला कांदा खाता खाता घळाघळा रडला. कांद्यानंच डोळ्यांत पाणी आलं, असं तो मरेपर्यंत सांगत होता म्हणे.

आजही धोंडेवाडीत कुणी कांदा धुवत नाही, आणि ओवरीची भिंत कुणी बुजवत नाही. चंपाषष्ठीला वाडीतला एकेक सासरा पायरीवर उभा राहून सुनेला तेवढं वाक्य म्हणतो, तेव्हाच त्याला कांदा मिळतो. वर्षातून एकदाच म्हणायचं असतं. तरी काहींना इतका वेळ लागतो, की रोडगे गार होतात.