बिनऔषधाची रांग

एका विद्यापीठात कुमुद साळवी नावाची संशोधिका होती. वासरांना ताप आणणाऱ्या एका विषाणूवर ती चार वर्षं औषध शोधत होती. ताप भलताच वाईट. दहातली सहा वासरं दगावत. विद्यापीठाच्या गोठ्यातच बारा वासरं आजारी होती.

दसऱ्यानंतर प्रयोग झाला. काचेच्या ताटलीतल्या खळग्यांच्या रांगांत पेशी वाढवल्या, त्यांत विषाणू सोडला, वर थेंबभर औषध घातलं. तिसऱ्या दिवशी बघतात तो पेशी ठणठणीत! विभागप्रमुख हणमंते सर हरखले. "सोमवारी गोठ्यात हाच डोस द्यायचा!" असं म्हणून त्यांनी पेढेही वाटले.

ताटली धुवायला घेताना कुमुदची नजर शेवटच्या रांगेवर गेली. पडताळा म्हणून त्या रांगेत विषाणू सोडला होता, पण औषध मुद्दामच घातलं नव्हतं. तिथल्या पेशी मरायलाच हव्या होत्या. त्याही मजेत होत्या! म्हणजे विषाणू आधीच मेलेला होता.

कसा मेला, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा दिव्यांची माळ लावायला तिनेच विषाणू ठेवलेल्या फ्रीझरची पिन काढली आणि विसरली. सुट्टीनंतर येऊन बघते तर आतला बर्फ वितळलेला. तिने गुपचूप पिन लावून टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आता वाट्याचा पेढा तिने तसाच बाजूला ठेवला. सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर वासरं जाणार. शेवटी ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, विषाणू औषधाने नाही मेला. माझ्या माळेने मेला."

सगळं ऐकून सर लालबुंद झाले. मग खुर्चीत टेकले. "साळवीबाई, पेढे मी वाटलेत. गडबड माझीही झाली. शेजारच्या विभागाच्या फ्रीझरमध्ये आपली विषाणूची जादा कुपी आहे, ती आणा."

पुन्हा प्रयोग झाला. थेंबभर औषधाने जिवंत विषाणूच्या केसालाही धक्का लागला नाही. पण चार थेंब घातलेल्या पेशी तगल्या, आणि बिनऔषधाची रांग साफ मेली. त्या मेलेल्या रांगेकडे बघून कुमुद आनंदाने रडली.

उशीर झाला, त्यात एक वासरू गेलं. बाकीची अकरा मात्र चार थेंबांच्या हिशेबाने डोस मिळताच आठवड्यात उभी राहिली. थेंबावर भागवलं असतं, तर वासरंही गेली असती आणि चांगलं औषध कुचकामी म्हणून फेकलं गेलं असतं. सरांनी पुन्हा पेढे मागवले. या वेळी कुमुदने दोन खाल्ले.

तात्पर्य: झाकलेली चूक हातचं यशही खोटं करते, वेळेवर कबूल केलेली चूक खऱ्या यशापर्यंत नेते.