मथूची भेंडाची फुलं

गावाची वाट जिथे संपते आणि करवंदीच्या जाळ्या सुरू होतात, तिथे मथूची झोपडी होती. झोपडीत चूल होती, चुलीत राख होती, राखेत ऊब नव्हती.

जवळच एक तळं होतं. त्यात भेंड उगवायचं. काडी वरून काळपट, सोलली की आतून लोण्यासारखी पांढरी! मथू ती सुरीने अलगद चिरायची आणि तिच्या इवल्या बोटांतून जाईच्या कळ्या, चिमुकले मोर, हळदीने रंगवलेल्या पिवळ्याधमक चांदण्या उमलायच्या. त्यांची बाशिंगं गावातल्या प्रत्येक नवरानवरीच्या कपाळावर झळकायची. आणि मथूला काय मिळायचं? "शाबास गं पोरी!" शाबासकी काही शिजत नाही, खाली कितीही जाळ घाला.

एके दिवशी आई म्हणाली, "मथे, हौस पुरे झाली. सोमवारपासून माझ्याबरोबर वीटभट्टीवर यायचं. ती सुरी टाक विहिरीत."

मथू तळ्याकाठी जाऊन हमसाहमशी रडली. तेवढ्यात भेंडाच्या पिवळ्या फुलातून एक परी बाहेर आली, बोटाएवढी. पंख भेंडाच्या पापुद्र्यासारखे, पांढरे, झुळझुळणारे.

"तीन मागणी माग, चिमणे," ती म्हणाली. "पण कुणाचं मन वळव म्हणू नकोस, ते माझ्या हातात नाही. आणि तिसरं मागणं पुरं झालं की पहिली दोन विरून जातील."

"माझी फुलं सगळ्यांना हवीहवीशी वाटू देत," मथू म्हणाली. फुलं लखलखू लागली.

"आणि माझे हात कधी दमू नयेत." हात वाऱ्यासारखे चालू लागले.

तिसरं मागणं मथूने जपून ठेवलं. शेवटी मागायचं, की घरातली कणगी कधी न सरणाऱ्या धान्याने भरू दे. मग भट्टी नको, विटा नकोत.

झालं! सात गावांची माणसं लोटली. सगळ्यांत पुढे बायजाकाकू. टोपलीभर बाशिंगं उचलून म्हणाली, "हौसेनं करतेस ना गं? मग हौसेचे का कुठे दाम घेतात? उलट आम्ही नेतो म्हणून तुझी फुलं मिरवतात!"

मथू खाली मान घालून हसली. चांगल्या मुली मागत नाहीत, असं कुणीतरी तिला शिकवलं होतं. ज्याने शिकवलं त्याच्या जिभेला फोड येवोत! हात दमेनात, माणसं थांबेनात, मथू कापतच राहिली. चूल मात्र थंड ती थंडच.

रविवारी ती तळ्यावर गेली आणि जागीच थिजली. एक काडी उरली नव्हती. बी धरायलासुद्धा तिने काही ठेवलं नव्हतं. चिखलात परी पडली होती, राखेच्या रंगाची, पंख फाटलेले.

"ते माझं घर होतं गं," परी पुटपुटली. "काड्या होत्या तोवर मी होते."

मथूच्या डोळ्यांपुढे कणगी आली. आईचे भाजलेले तळवे आले. तरी ती म्हणाली, "तळं पुन्हा हिरवं होऊ दे."

सळसळ करत भेंड कमरेएवढं वर आलं, पिवळी फुलं लुकलुकली. पण मथूची बोटं ठणकू लागली. मांडीवर शेवटचं एकच बाशिंग होतं, त्याचीही चमक गेली. उद्या सोमवार.

"सगळं संपलं," ती म्हणाली.

"दहातल्या चार काड्या काप," परी म्हणाली. "सहांना बी धरू दे. जास्त मागतील त्यांना नाही म्हण. फुकट मागतील त्यांनाही."

"मला भीती वाटते."

"वाटू दे. वाटली तरी म्हण."

तोच काठावरून हाक आली. "मथे! इथे बसलीस होय? उद्या भाच्याचं लग्न माझ्या, आण ते बाशिंग!" बायजाकाकूच ती.

मथूने बाशिंगावर हात ठेवला. "पायलीभर ज्वारी आणा, काकू. मग न्या."

"अगं बया! आणि तुझी हौस?"

"हौस माझी आहे, काकू. बाशिंग तुमच्या भाच्याचं आहे."

"चमकतसुद्धा नाही मेलं!" काकू फणकारली आणि पाय आपटत निघून गेली.

धावत जावं, पाय धरावेत, फुकट द्यावं, असं मथूला शंभरदा वाटलं. पण ती बाशिंग घट्ट धरून बसून राहिली. ऊन कलंडलं. सावल्या लांबल्या.

मग धापा टाकत काकू आली, कमरेवर पायली. "घे बाई! अंतरपाटापुढे बिनबाशिंगाचा नवरा उभा करू की काय मी?"

पायली मथूच्या ओच्यात रिकामी झाली, बाशिंग काकूच्या हातात गेलं. काकू वळली मात्र, भेंडाच्या फुलाफुलांत सोनेरी ठिणग्या पेटल्या. परीचे पंख पुन्हा दुधासारखे झाले, तिने मथूच्या ठणकत्या बोटांवर ओठ टेकले, आणि त्या उजेडात ती आपल्या फुलात विरघळून गेली. तळं तेवढं मागे राहिलं, हिरवंगार.

घरी आईने ज्वारी पाहिली. "किती दिवस पुरेल ही?"

"चार."

"आणि पाचव्या दिवशी?"

"दुसरं बाशिंग."

आईने पदराने जातं पुसलं.