साळू मापारणीचा शेर

फार वर्षांपूर्वी, शिदवळणच्या पारावरचा पिंपळ अजून करंगळीएवढा होता, तेव्हाची ही गोष्ट. ऐकणाऱ्यानं खरी मानावी. नाही मानली तरी आमचं काही जात नाही, पण शिदवळणात येऊन तसं बोलू नये, एवढंच सांगणं.

त्या काळी भैरोबाच्या देवळापुढच्या माळावर एक काळा, गोल गरगरीत धोंडा होता. गाव त्याला 'जावई' म्हणे. का, तर एकदा बसला की उठायचं नाव घेत नसे आणि उठवायचा म्हणजे चार माणसांची तारांबळ उडे. चैत्रातल्या जत्रेला शिदवळण आणि नदीपलीकडचं बोरजाई या दोन गावांचे पैलवान त्याला हात घालत. नियम सोपा होता. तीनदा हात लावायची मुभा. धोंडा खांद्यावर घ्यायचा, एकवीस पावलं चालायचं आणि देवळाच्या पायरीशी ठेवायचा. ज्या गावचा गडी हे करील, त्या गावानं वर्षभर भैरोबाची काठी मिरवायची. ती काठी अकरा वर्षं बोरजाईकरांच्याच खांद्यावर होती. शिदवळणची माणसं जत्रेत खाली मान घालून प्रसाद खायची आणि घरी जाऊन बायकापोरांवर डाफरायची.

गावात ताकद नव्हती म्हणावं, तर तसंही नव्हतं. नागोजी वस्तादाची तालीम पोरांनी भरलेली असे. पण तिथली रीत अशी, की आल्याआल्या प्रत्येकानं तालमीतला सगळ्यात जड धोंडा उचलून दाखवायचा. उचलला तर वाघ, नाही तर वस्तादाच्या शिव्या. रोज कस लावायचा आणि कस लावला म्हणजेच मेहनत झाली, असा सगळ्यांचा पक्का समज. रोप रोज उपटून मुळं किती वाढली ते बघावं, त्यातलाच प्रकार. म्हणून शिदवळणचे पैलवान तिशी गाठायच्या आत कंबर धरून चालू लागत. गावाला त्याचंही कौतुक! असा कोणी वाकडा झालेला दिसला की लोक अभिमानानं सांगत, "लई मोठा पैलवान हुता बरं का."

कोंडाजी मापारी हा त्यांतलाच एक. मापारी म्हणजे खळ्यावर धान्य मापून देणारा. अकरा वर्षांमागं जावयाला खांद्यावर घेताना त्याच्या कमरेत कट्‌ असा आवाज झाला आणि तो जो बाजेवर पडला, तो पडलाच. घरात थोरली साळू आणि धाकटा भिवा. आई तर भिवाच्या जन्माच्या वेळीच गेलेली. तेव्हा पंधरा वर्षांच्या साळूनं बापाचा शेर उचलला आणि खळ्यावर जाऊन बसली. बाईमाणूस माप घेऊन बसलेलं बघून लोक तोंडावर हात घेऊन हसले, पण हंगाम संपेपर्यंत गप्प झाले. तिच्या मापात दाणा इकडचा तिकडं होत नसे. असं म्हणतात, की नुसती मूठ बघून ती आत किती दाणे ते सांगायची. मापताना सगळे मापारी करतात तसं तीही पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे. रास लाभावी म्हणून पहिलं माप 'लाभ', मग दोन, मग तीन.

तर अशी अकरा वर्षं गेली. जत्रा होऊन गेल्यावर एके दिवशी भिवा तालमीतून घरी आला. अठरा वर्षांचा, कवाडाएवढी छाती. पण उंबरा ओलांडताना त्याचा हात कमरेवर होता.

"काय झालं रं?" साळूनं विचारलं.

"काय न्हाय आक्का. वस्ताद म्हनलं, फुडल्या जत्रंला जावयाला मीच हात लावायचा."

"मंग कंबर का धरलीस?"

भिवानं चटकन हात काढला. साळूनं बाजेवरच्या बापाकडं पाहिलं. भावाला नको म्हणून सांगावं, तर तो ऐकणार नव्हता. बापाच्या हातून गेलेली काठी आणायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आणि खरं सांगायचं, तर काठी तिलाही हवी होती. फक्त घरात दुसरी बाज नको होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भिवाला खळ्यावर नेलं. त्याला उभं करून पाठीवर, मांड्यांवर हात फिरवला, बैल घेताना पारखतात तसा.

"पाठीवर सगळा भार घेतोयस. ही मांड्यांतली ताकद काय झोपा काढाय ठेवलीस?"

मग तिनं एक जाड पोतं घेतलं आणि नदीची वाळू शेरानं मापून त्यात ओतू लागली. लाभ, दोन, तीन... भिवाला मांड्यांच्या जोरावर दहा वेळा खांद्यावर घेता येईल आणि श्वास फुलणार नाही, इतक्यावर थांबली. "हे तुजं आजचं माप. आठ दिसांनी एक शेर घालीन. मधी जड धोंड्याला हात लावायचा न्हाय. बाजाराच्या दिशी कशालाच लावायचा न्हाय."

"आक्का, एका शेरानं काय हुतंय?"

"माप भरलं की हलवून जरा ठेवायचं. दाणं खाली बसत्यात, वर जागा हुती. जागा झाल्याबिगर वतलं तर सांडतंय. आबाचं सांडलं."

बाजेवरच्या बापाला खळ्यावरचं ऐकू जात नव्हतं, तरी ती हे हळूच बोलली.

झालं. आठवड्याला एक शेर. पोतं उचलताना ती पुढं बसून मोजायची, आणि भिवाच्या अंगाला सवय अशी लागली की 'लाभ' ऐकलं की मांड्या आपसूक ताठ व्हायच्या. कस लागायचा तो फक्त अमावास्येला. गाव हसलं. "पैलवान करतीया का पिठलं?" असं पाणवठ्यावर बायका विचारत. पण दसऱ्याला भिवानं चिखलात रुतलेली गाडी बैलांसकट बाहेर काढली. संक्रांतीला अडलेली म्हैस खांद्यावर टाकून नदी पार केली. असं म्हणतात, की तो वाटेनं चालला की घराघरांतल्या घागरीतलं पाणी हिंदकळायचं.

जत्रेला चार दिवस उरले आणि साळूनं पोतं भिवाकडूनच माळ्यावर टाकवलं. भिवानं खायचं, नदीपर्यंत फिरायचं आणि झोपायचं. हे मात्र गावाला सोसेना. नागोजी वस्ताद तरातरा आला.

"पोरी, जत्रा तोंडावर आन् पैलवान घोरतोय? रोज हात लावल्याबिगर जावई वळख देत न्हाय!"

"वस्तादकाका, आबाला त्यानं लई वळख दिली. आता दाणं बसू द्या."

 वस्ताद आला तसा तरातरा परत गेला.

जत्रा भरली. बोरजाईच्या गड्यानं जावयाला खांद्यावर घेतला, पण अठराव्या पावलावर गुडघा टेकला. तीनही वेळा तेच. मग भिवा उतरला. हलगी कडाडली. शिदवळणच्या हजार तोंडांनी "एक!" असा आवाज दिला. भिवानं धोंड्याला मिठी मारली आणि त्याला बापाच्या कमरेतला तो आवाज आठवला. जावई जागचा हलला नाही. "दोन!" धोंडा गुडघ्यापर्यंत आला आणि धप्पकन खाली पडला. भिवाचा हात कमरेवर गेला. बोरजाईकर हसू लागले, आणि आपली माणसं पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली.

साळू बायकांत उभी होती. त्या मैदानात बाईनं तोंड उघडायचं नाही, अशी रीत. तिनं भावाच्या कमरेवरचा तो हात पाहिला आणि रीत गेली खड्ड्यात! लोकांनी "तीन" म्हणायच्या आत, खळ्यावर देते तशी तिनं खणखणीत हाळी दिली, "लाभ!"

 भिवाचे डोळे मिटलेले होते, पण मांड्या ताठ झाल्या. आणि जावई उठला, जेवायला हाक मारल्यासारखा! गुडघ्यावर, पोटावर, खांद्यावर. साळू मोजत होती, भिवा चालत होता. एकविसावं पाऊल देवळाच्या पायरीशी पडलं, धोंडा पायरीला टेकवला, काठी शिदवळणची झाली, लोकांनी टोप्या उडवल्या, पण पठ्ठ्या थांबलाच नाही. देवळाला वळसा घालून गल्लीत शिरला आणि थेट घरी जाऊन, झोपलेलं तान्हं ठेवावं तसा त्यानं धोंडा उंबऱ्याशी ठेवला. मग सरळ उभा राहिला. दारातून बाजेवरच्या बापाला तो दिसला.

कोंडाजीनं धोंड्याकडं बघितलंच नाही. त्यानं विचारलं, "पोरा, कंबर?"

"ताठ हाय, आबा."

तेव्हा कोंडाजी बारा वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडला. काही म्हणतात तो त्या दिवशी उठून उंबऱ्यापर्यंत चालत आला. काही म्हणतात फक्त उठून बसला. आम्ही चालत आला असंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी नागोजी वस्ताद शेर मागायला आला आणि साळूनं शेरासकट तालमीत पाय ठेवला. पुढं चाळीस वर्षं तिथं तिचंच माप चाललं. तिनं लग्न केलं की नाही, यावर गावात दोन मतं आहेत. जावई तर दारात होताच.

आजही शिदवळणच्या तालमीत नवं पोर आलं, की गावातली एखादी बाई येऊन त्याच्या पोत्यात शेरानं वाळू घालते. पुरुषाच्या हातचं माप चालत नाही. जत्रेआधीचे चार दिवस तालमीला कडी लागते. त्याला 'साळूची झोप' म्हणतात. त्या दिवसांत कोणी चोरून बैठका मारताना सापडला, तर पोरंटोरं त्याला गाढवावर बसवायला निघतात.

आणि जत्रेत भैरोबाची काठी निघाली, की तिच्यापुढं जवान पैलवान चालत नाहीत. म्हातारे चालतात. सत्तरीचे, ऐंशीचे, दात पडलेले, डोळ्यांना कमी दिसणारे, पण एकाचीही पाठ वाकलेली नाही. परगावचे लोक थक्क होऊन विचारतात, ही माणसं कोण म्हणून. गावातलं शेंबडं पोरही छाती काढून सांगतं, "ही व्हय? ही साळूची मापं."