कुडवळच्या झीलकऱ्यांचा हात

कुडवळला पावणाई देवीच्या यात्रेत संगीताचा खेळ होतो. राजा, राणी, दैत्य, ऋषी येतात, पद म्हणतात आणि जातात. झीलकरी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे उभे असतात. पात्राने म्हटलेली ओळ उचलायची आणि सगळ्यांनी एका सुरात धरून ठेवायची, हे त्यांचे काम. त्या धरलेल्या सुराला झील म्हणतात. हे लोक एकामागे एक उभे राहतात आणि प्रत्येकाचा तळवा पुढच्याच्या पाठीवर टेकलेला असतो. शहरातले पाहुणे बघतात आणि म्हणतात, काय ही माया. मायेचा इथे संबंध नाही. तो हात संशयाचा आहे. बसा आणि ऐका.

फार मागे गावात पटकीची साथ आली. घरटी माणूस गेला. तेव्हा गावाने पावणाईला शब्द दिला असे सांगतात. साथ हटव, दरवर्षी खेळ करू, आणि खेळ चालू असेपर्यंत झील तुटू देणार नाही. पात्र चुकले तरी चालेल. झील तुटली तर झीलकऱ्यांच्या म्होरक्याने आपली झांज देवीच्या पायाशी ठेवायची आणि जन्मात पुन्हा गायचे नाही. साथ हटली. म्होरकेपण घाडींच्या घरात आले आणि बापाकडून मुलाकडे जात राहिले.

बाबल घाडी म्होरक्या होता तेव्हाची ही गोष्ट. ताठ माणूस. झांज उशाशी घेऊन निजायचा म्हणे. एका साली तालमीत त्याला झील पातळ लागली. तो देवळात आपा गुरवाकडे गेला.

"आपा, कोण तरी नुसतो ओठ हालयता. गायत नाय."

"तुझोच कान पातळ झालो असात," गुरव म्हणाला. "वय झाला तुझा."

बाबलला ते लागले. पण संशय काही जाईना. तो जाऊन बसला शाणू मयेकरावर. शाणू खाडीपलीकडचा, गावात घरजावई म्हणून आलेला. बोलणे कमी. गाताना मान खाली, ओठ जेमतेम हलत. बाबलच्या मनाने घेतले की हा खाडीपलीकडच्यांनी पाठवलेला माणूस आहे. ऐन यात्रेत झील तोडायची, घाडींची झांज खाली ठेववायची आणि खेळाचा मान पलीकडे न्यायचा, हा त्यांचा डाव.

त्याने देवीला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. शाणू गात नाही, हे खरे का, असे त्याने विचारले. पाकळी डावीकडून पडली.

"देवी नाय म्हणता," गुरव म्हणाला.

"देवी म्हणता की तू म्हणतस? पाकळी तू लावलंस."

"मगे फुडच्या येळाक तू लाव. आणि तरी डावीच पडली तर वाऱ्याक धर."

देवीवर बोट ठेवता येईना, म्हणून बाबलने गुरवावर ठेवले. मग त्याने शाणूला वगळून एकेका झीलकऱ्याला बाजूला घेतले. कोणाला विहिरीवर, कोणाला शेताच्या बांधावर. प्रत्येकाच्या कानात तेच सांगितले. "बाजूच्यावर कान ठेव. कोणाक सांगू नको." शाणूचे नाव त्याने घेतले नाही. चोर सावध होईल, ही भीती. पण नाव घेतले नाही म्हणून प्रत्येकाला आपल्या शेजाऱ्याचाच संशय येऊ लागला. सख्खे भाऊ एकमेकांच्या ओठांकडे बघू लागले.

यात्रेचा दिवस आला. तेव्हा झीलकरी खांद्याला खांदा लावून उभे राहत. ऊन उतरता खेळ रंगला. राणीने वनवासाचे पद म्हटले आणि ओळ सोडली. झीलकऱ्यांनी ती उचलली. आणि इथेच घात झाला. शेजारी गातो की नाही, हे ऐकायचे तर आपला आवाज दाबावा लागतो. एकाने दाबला. शेजाऱ्याला तो ऐकू येईना, म्हणून त्याने आपला दाबला. रांगभर आवाज उतरत गेले. बाबलने शाणूकडे कान लावून केव्हाच तोंड मिटले होते.

सभामंडप गप्प झाला. राणीचे काम करणारा बुवा मागे वळून बघू लागला.

त्या शांततेत एक आवाज राहिला. जाड, खालचा, जात्याच्या घरघरीसारखा. शाणू मान खाली घालून ओळ धरून उभा होता. इतके दिवस बाकीच्यांचे सूर याच आवाजावर उभे होते, म्हणून तो वेगळा कधी कोणाला ऐकू आला नव्हता. एकेकजण शरमून परत गाऊ लागला. खेळ पार पडला.

गुरव म्हणाला, "एक आवाज होतो. झील तुटूक नाय. झांज ठेवूची गरज नाय." गावही तेच म्हणाले. बाबल शाणूसमोर जाऊन उभा राहिला.

"सगळे थांबले. तू कशाक नाय थांबलंस?"

"मामा, तुमी सगळ्यांच्या कानात कायतरी सांगितलास," शाणू म्हणाला. "माका कोणी कायच सांगूक नाय. मगे मी गायलंय."

 बाबल गाभाऱ्यात गेला आणि त्याने झांज देवीच्या पायाशी ठेवली. गावाने झील तुटली नाही म्हटले असेल. त्याच्या तोंडात ती तुटली होती, आणि ते त्याला ठाऊक होते. बाहेर येऊन त्याने एवढेच सांगितले की यापुढे कोणी कानाने पारख करायची नाही. एकामागे एक उभे राहा, हात पाठीवर ठेवा. गाणाऱ्याची पाठ थरथरते. हाताला कळते आणि तोंड मोकळे राहते.

त्यानंतर बाबल कधी गायला नाही. पण मरेपर्यंत दर यात्रेला तो रांगेच्या शेवटी, शाणूच्या मागे, त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. विश्वास बसला म्हणून की अजून बसला नव्हता म्हणून, हे त्याने कोणाला सांगितले नाही.

आजही घाडींच्या घरातला एक माणूस रांगेत शेवटी असतो. तोंड मिटलेले, हात पुढच्याच्या पाठीवर. त्याच्या स्वतःच्या पाठीवर कोणाचा हात नसतो.