रजा न घेणारा वेतनाध्यक्ष

वेणुमती नगरीत भद्रसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या पदरी अमात्य होऊन जन्मला होता. राजवाड्यातल्या नोकरांना पगार धान्यात मिळे. तो कारभार वेतनाध्यक्ष तुंडिलाकडे होता. नोकरांची नावे तोच लिही, हजेरी तोच घेई, धान्य तोच मोजून देई आणि सगळे बरोबर आहे असा शिक्काही तोच मारी. ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे द्यावीत, असे बोधिसत्त्व दर वर्षी सांगे. राजा दर वर्षी "बघू" म्हणे. 'बघू' म्हटले की बघावे लागत नाही, हे राजे लोक लहानपणीच शिकतात.

पुढे कोठार आटू लागले. पगारावरचा खर्च वाढत होता, बागेत माणसे मात्र दिसत नव्हती. तुंडिलाने उपाय सुचवला, की ज्यांनी रजा घेतल्या त्यांना कामावरून काढावे. पहिले नाव खेमाचे. ती हत्तींसाठी पाणी भरी. विधवा होती, आणि मुलाला ताप आला म्हणून काही दिवस घरी राहिली होती. त्या पगारावरच दोघांचे पोट होते.

ती बोधिसत्त्वाकडे आली. "बाबा, हत्तींना तहान लागायची राहणार आहे का? मला काढलं तर त्यांना पाणी कोण पाजणार? तुंडिलांचा शिक्का?"

राजाने तर त्याच दिवशी तुंडिलाचा शाल देऊन सत्कार करायचे ठरवले होते. "बारा वर्षांत एक रजा नाही! अंगात ताप असला तरी धान्य मोजायला हजर. शिका, अमात्य, शिका काहीतरी."

बोधिसत्त्वाने सुस्कारा सोडला. "महाराज, शालीऐवजी त्याला महिनाभर तीर्थयात्रेला पाठवा. सहकुटुंब. खर्च माझा."

तुंडिल गडबडला. "नको, नको! मी गेलो तर कारभार बसेल, महाराज."

"बसू दे," बोधिसत्त्व म्हणाला. "कुठे बसतो ते तरी कळेल."

"जा रे बाबा एकदाचा!" राजा वैतागून म्हणाला. "नाहीतर हा अमात्य मला जेवू द्यायचा नाही."

पगाराच्या दिवशी बोधिसत्त्वाने विशेष काही केले नाही. एकाने नाव वाचायचे, दुसऱ्याने धान्य मोजायचे आणि ज्याचे नाव त्यानेच समोर येऊन ते घ्यायचे, एवढेच. खेमा आली, घेऊन गेली. मग माळ्यांची नावे सुरू झाली आणि कुणी पुढे येईना. नावामागून नाव गेले. शेवटी तुंडिलाचा मेहुणा बैलगाडी घेऊन पुढे सरकला.

"यांचं सगळं माझ्या गाडीत घाला. दर महिन्याला मीच नेतो."

"माळी कुठे आहेत?" बोधिसत्त्वाने विचारले.

"कामावर."

"बाग तर ही समोर आहे."

"ते दाजींना ठाऊक," असे म्हणून मेहुण्याने उगाच बैलाची वेसण चाचपली.

राजा सज्ज्यातून ऐकत होता. बागेत गवत कमरेइतके वाढले आहे, हे त्याला त्या दिवशी प्रथमच दिसले.

तुंडिल यात्रेहून परतताच राजा त्याचे हात तोडायला निघाला. बोधिसत्त्वाने अडवले. "चोरी त्याने केली, पण दार आपणच उघडे ठेवले होते. धान्य भरून घ्या आणि हात शाबूत ठेवा. इतक्या माळ्यांचे काम खोळंबले आहे, ते कोण करणार?" तुंडिल गवत उपटायला लागला. खेमाचे काम टिकले.

राजा प्रसन्न झाला. "अमात्य, एक गाव इनाम घे, आणि आता नाव, माप, शिक्का सगळे तूच सांभाळ. तुझ्याइतका प्रामाणिक कोण आहे?"

बोधिसत्त्वाने कपाळावर हात मारला. "महाराज, इतकी वर्षे मी काय सांगत होतो? प्रामाणिक माणसाकडे तर मुळीच देऊ नका. त्याच्यावर कुणी नजर ठेवत नाही." इनाम नाकारून त्याने ती कामे तिघांत वाटून दिली.

विहारातला शिधा एक भिक्षू एकटाच मोजी आणि वाटी, त्यावरून कुरकुर सुरू झाली, तेव्हा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगितली. तो म्हणाला, "शिधा वाटणारा हा भिक्षू तेव्हा तुंडिल होता. शेवटी रिकामे पात्र घेऊन उभी राहणारी भिक्षुणी खेमा होती. 'तो भला माणूस आहे' म्हणत तक्रारी परत पाठवणारा तुमचा स्थविर, हा ज्येष्ठ भिक्षू, तेव्हा राजा होता, आणि अमात्य मी होतो."

या कथेतला गुण अप्रमाद, म्हणजे सावधपण. करुणेइतकी त्याची कीर्ती नाही. पण तो नसला की करुणेच्या वाट्याचे धान्य भलत्याच्याच घरी जाते.