‘निंबी’चं मूळ

“...पण हा शब्द पहिल्यांदा उच्चारला कोणी, आक्का? तेवढंच सापडत नाही.”

दाभोळे मास्तर शुश्रूषाघराच्या व्हरांड्यात बसून बोलत होते. कोशकार माणूस. शब्दाची कुळी काढण्यात जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सांगत. त्या दिवशी पहाटे त्यांची बायको सुलभाताई याच घरात वारली. दुपारी नदीवर सगळं आटोपलं. कॉलनीतल्या घरी परतायला त्यांचा पाय निघत नव्हता.

“कोणता शब्द?” आक्कांनी विचारलं. शुश्रूषाघर त्यांचंच.

“निंबी. पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत निघाला. पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. ‘माझ्या परसात नको’, असा अर्थ. कोणी म्हणतं कचऱ्यावरून आला, कोणी म्हणतं अणुभट्टीवरून... पहिला बोलणारा मात्र बेपत्ता.”

“म्हणजे गोष्ट हवी, पण आपल्या शेजारी नको.”

“तेच.”



सहा वर्षांपूर्वी हे घर मास्तरांच्या कॉलनीलगतच्या प्लॉटवर व्हायचं होतं. शेवटच्या दुखण्यातल्या माणसांसाठी. हरकतीचा अर्ज मास्तरांनीच लिहिला. ‘या कार्याबद्दल आम्हांला नितांत आदर आहे, परंतु...’ भाषा इतकी देखणी की एका रविवारात एकशे बारा सह्या झाल्या. मग घर इथे आलं, तीस किलोमीटर लांब, बंद पडलेल्या दगडखाणीपाशी.

आक्का उठून फाटकापाशी गेल्या आणि रस्त्याकडे बघू लागल्या.

“कोणाची वाट बघता?”

“माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, मास्तर. शेजारी पिठलं-भात आणतात.”

“कॉलनीतल्यांचे फोन आले होते. म्हणाले, फार लांब पडतं... आणि इथे कुठले आलेत शेजारी, आक्का?”

बोलून गेले, आणि मास्तरांना आपलेच शब्द ऐकू आले. सुलभाताईंच्या कपड्यांची पिशवी मांडीवर होती. ती छातीशी धरून ते हमसून हमसून रडले.

आक्का फाटकाबाहेर पडल्या. कुंपणापलीकडे त्यांची स्वतःची खोली होती. अर्ध्या तासाने झाकलेलं ताट घेऊन आल्या. फाटक उघडंच होतं, तरी त्यांनी कडी वाजवली आणि बाहेरच थांबल्या.

मास्तर उठले.

“या...” ते म्हणाले. “आत या.”

आक्कांनी ताट त्यांच्यापुढे ठेवलं.

“तुमची शेजारीण व्हायलाच निघाले होते मी, मास्तर... दोन घास खा.”